वर्षातून एकदा मार खाणारा दगड

मी एक जुना दगड आहे. शिवेचा दगड. तुम्हाला 'मित्रांनो' म्हणायची रीत आहे म्हणून म्हणतो. पण मित्रांनो, माणसांशी माझे कधी जमले नाही. ज्यांनी मला पिढ्यान्‌पिढ्या छड्यांनी झोडपले त्यांच्याबद्दल मी गोड बोलेन, अशी आशा ठेवू नका.

माझा जन्म कॉलिंगफर्ड गावाबाहेरच्या खाणीत झाला. माझे भाऊ नशीबवान निघाले. कुणी चर्चच्या मनोऱ्यात गेला, कुणी पुलाच्या कमानीत बसला, कुणी बाजारातल्या दगडी क्रॉसची पायरी झाला. माझ्या कुशीला मात्र एक तडा होता. पाथरवटाने मला हातोडीने वाजवून पाहिले, कान लावला आणि म्हणाला, "हा भिंतीत नाही चालायचा. पुरून टाका कुठंतरी." असा मी पुरण्याच्या लायकीचा ठरलो.

कॉलिंगफर्डमध्ये दोन चर्च आहेत. वरच्या अंगाला सेंट ऑस्विन आणि खाली नदीकडे सेंट मिल्ड्रेड. दोन चर्च म्हणजे दोन गावेच म्हणा. आपापल्या हद्दीतला कर आपण घ्यायचा, आपापल्या हद्दीतले गरीब आपण पोसायचे, आणि द्वेष तेवढा दोघांनी मिळून करायचा. यांची शीव बाजारातल्या क्रॉसपाशी सुरू होते आणि सरळ रेघेत नदीला मिळते. त्या रेघेवर मधोमध मला पुरले. रेघ नदीला जिथे टेकते तिथे, अगदी कडेला, खालच्या बाजूस पाणचक्की होती. सगळ्या गावाचे दळण तिथे व्हायचे आणि तिचा कर सेंट मिल्ड्रेडला मिळायचा. वरच्यांच्या डोळ्यांत ती चक्की कुसळासारखी सलत असे.

पुष्कळ काळ मी कोराच होतो. मला अक्षरे उशिरा मिळाली. एका वर्षी भांडण फार पेटले, तेव्हा छिन्नीवाला आला आणि त्याने माझ्या एका अंगावर ऑस्विनचे, दुसऱ्या अंगावर मिल्ड्रेडचे पहिले अक्षर कोरले. दुखले. पण उशिरा शिकलेले अक्षर सहजी पुसले जात नाही, एवढे मला त्यातून कळले.

मग माझ्याभोवती घर आले. ओकच्या काळ्या फासळ्या, मधे चुन्याची भिंत, आणि वरचा मजला गल्लीवर इतका झुकलेला की समोरच्या घराच्या कपाळाला कपाळ लागेल. बांधणाऱ्याला मला उपटायची छाती झाली नाही. त्याने मला स्वयंपाकघरातच ठेवले, चुलीशेजारी, माणसाच्या कमरेएवढा. त्यामुळे त्या घरात भाजी एका चर्चच्या हद्दीत शिजायची आणि दुसऱ्याच्या हद्दीत वाढली जायची.

आता माझ्या माराबद्दल सांगतो. दर वर्षी वसंतात, येशूच्या स्वर्गारोहणाच्या गुरुवारी, दोन्ही चर्चची मंडळी आपापली शीव चालायला निघत. पुढे पाद्री, मागे चर्चचा कारभारी, त्याच्या मागे सगळे लोक आणि पोरेटोरे. प्रत्येकाच्या हातात वाळुंजाची साल काढलेली पांढरी छडी. शीव जिथून जाईल तिथून जायचेच, मग वाटेत कुणाची बाग असो, कुणाची खिडकी असो. एका ठिकाणी रेघ पाववाल्याच्या भट्टीतून जात होती. तिथे एकजण भट्टीत डोके घालून यायचा आणि भुवया जाळून घ्यायचा. खुणेचा दगड आला की सगळे ओरडत, "शीव! शीव! शीव!" आणि छड्यांनी त्याला बडवत. मग लहान मुलांचे हात-पाय धरून त्यांना दगडावर आपटत. मोठेपणी शीव कुठे आहे हे त्यांनी विसरू नये, म्हणून. नंतर मुलांना डोळे पुसायला मनुकांचे पाव आणि मोठ्यांना बिअर. आठवण राहावी म्हणून मारणे, ही माणसाची सर्वांत जुनी शाळा आहे.

दोन्ही चर्चची मंडळी माझ्यापाशी मुद्दाम एकाच वेळी येत. आधी येणाऱ्याने दगड सरकवला तर? त्यामुळे स्वयंपाकघरात दर वर्षी गर्दी, धक्काबुक्की, मोडलेल्या छड्या. एकदा एका पाद्रीबाबांचा केसांचा टोप रश्शात पडला होता.

त्या घरात केझाया पॉबजॉय राहायची. तिथेच जन्मली, तिथेच नांदली, तिथेच विधवा झाली. कातड्याचे हातमोजे शिवून पोट भरायची. मी तिला मुळीच आवडत नसे. "टेबल ठेवायच्या जागी हा धोंडा," असे ती येईल-जाईल त्याला सांगायची आणि माझ्या डोक्यावर ओली कातडी वाळत घालायची. मलाही ती आवडत नव्हती. आम्ही एकमेकांना सहन करत म्हातारे झालो.

पुढे केझायाची बोटे वाकडी झाली. सुई धरवेना. त्याच सुमारास घरमालकाला नवी हौस सुटली. जुन्या लाकडी घरांच्या तोंडावर लाल विटांचे मुखवटे चढवायची तेव्हा गावात लाटच होती. मालक म्हणाला, मागचे स्वयंपाकघर पाडणार, पुढे विटा लावणार, उन्हाळ्याच्या आत घर रिकामे कर. आता केझायाने जायचे कुठे? दोन्ही चर्चची धर्मघरे होती. आपल्या हद्दीतल्या म्हाताऱ्यांसाठी बांधलेली, एक खोली, एक चूल. तिथे जागा नाही मिळाली तर उरला तो गरिबांचा कोंडवाडा. तिथे केस कापून घेत आणि दोऱ्या उलगडायला बसवत. वाकड्या बोटांनी दोऱ्या कशा उलगडायच्या? केझायाने दोन्ही चर्चना विचारले. दोघांनी एकच उत्तर दिले, ती आमची नाही, त्यांची आहे.

आणि मग तो गुरुवार आला.

केझाया पलंगावर बसून होती. थंडीमुळे तिने पलंग चुलीपाशी, अगदी माझ्या अंगाला लावून ठेवला होता. आधी ऑस्विनचे कारभारी जोसाया थ्रिप आत आले. धान्याचे व्यापारी, देह भरलेल्या पोत्यासारखा. त्यांच्या पाठोपाठ मिल्ड्रेडचा कारभारी एमॉस क्लटरबक, घोड्यांची खोगिरे शिवणारा, दोरीसारखा सुका आणि पिळाचा. मागून दोन्हीकडची माणसे कोंबल्यासारखी आत शिरली.

थ्रिपनी मला मारायच्या आधी पलंगाकडे पाहिले.

"पॉबजॉयबाई, रात्री तुमचं डोकं कुठं असतं?"

"धडावर असतं, मिस्टर थ्रिप. तुमचं?"

लोक हसले. क्लटरबकने छडी आपटली.

"हसण्यावारी नेऊ नका! नियम आहे. माणूस डोकं टेकून जिथं झोपतो तिथला तो. आणि नीट बघा, बाईंची उशी वर आहे, ऑस्विनकडं. आमच्याकडं नुसते पाय येतात."

"मग पाय तरी पोसा की!" थ्रिप म्हणाले. "बाकीचं आम्ही बघू. आणि मला सांग एमॉस, गेल्या वर्षी मी आलो तेव्हा उशी तिकडं होती. पलंग कुणी फिरवला?"

"तुमच्या डोळ्यांत पिठाचा कोंडा गेलाय."

"फिरवा रे पलंग!" थ्रिपनी आपल्या माणसांना हुकूम सोडला.

आणि मित्रांनो, त्यांनी खरोखरच तो पलंग उचलून फिरवला. त्यावर केझाया बसलेली असताना. खालच्यांनी तो परत फिरवला. वरच्यांनी पुन्हा. पलंगाचे पाय माझ्यावर आपटत होते, गोधडी चुलीच्या राखेत लोळत होती, आणि म्हातारी पलंगाची दांडी धरून शिव्या देत होती.

"अरे, मेंढरं हाकतात तीसुद्धा एका दिशेनं हाकतात रे! माझ्या नवऱ्याची शवपेटी उचलायला या गल्लीत चार खांदे मिळेनात, आणि आज मला ढकलायला सगळं गाव जमलंय!"

ऑस्विनचे पाद्री नवे होते, मऊ होते. ते पुस्तक छातीशी धरून म्हणाले, "मंडळी, आजचा दिवस पवित्र आहे..."

"तुम्ही वाचा हो, पाद्रीबाबा," मागून कुणीतरी म्हणाले. "ढकलायचं काम आमचं."

पाद्रीबाबांनी खरेच पुस्तक उघडले आणि शीव सरकवणाऱ्याला शाप देणारा भाग वाचायला घेतला. कुणी ऐकत नव्हते. मी ऐकत होतो.

शेवटी उशी पुन्हा खालच्या बाजूला आली आणि वरचे लोक पलंगावर पाय देऊनच उभे राहिले. क्लटरबकचा तोल सुटला. तो मागच्या भिंतीपाशी धावला आणि तिच्यावर छडीचे तडाखे मारू लागला.

"शीव! शीव! शीव! हा दगडच खोटा आहे! शीव इथून जाते, या भिंतीवरून! सगळं घर तुमच्यात गेलं! बाई तुमची, चूल तुमची, हा धोंडाही तुमचा! न्या!"

थ्रिपच्या तोंडावर काहीतरी हळूहळू फुगत वर येऊ लागले, पिठात खमीर चढावे तसे.

"काय म्हणालास, एमॉस? पुन्हा म्हण. सगळ्यांदेखत."

"शीव या भिंतीवरून जाते! बहिरे आहात का?"

"पाद्रीबाबा, तुम्ही ऐकलंत? सगळ्यांनी ऐकलंत?" थ्रिप मागच्या दारात जाऊन उभे राहिले. त्यांनी छडी हातभर पुढे केली. "बाजारातल्या क्रॉसपासून या भिंतीपर्यंत रेघ धरा. आणि आता तशीच सरळ नदीवर न्या. कुठं जाते?"

सगळ्यांच्या माना एकदम वळल्या. खाली पाणचक्कीचे चाक सावकाश फिरत होते. नवी रेघ चक्कीच्या पलीकडून जात होती.

"चक्की आमची," थ्रिप हळूच म्हणाले. मग ओरडले, "चक्की आमची! मिल्ड्रेडच्या कारभाऱ्यानं छडी मारून दिली!"

"मी रागात बोललो," क्लटरबक म्हणाला.

"रागातच माणूस खरं बोलतो."

थ्रिपनी टोपी काढली. अहो, गेल्या सात पिढ्यांत त्या स्वयंपाकघरात कुणी टोपी काढली नव्हती. त्यांनी टोपलीतला मनुकांचा पाव उचलला आणि वाकून केझायापुढे धरला.

"केझायाबाई, खा. तुम्ही आमच्याच. सेंट ऑस्विनच्या. आजपासून तुमचं खाणंपिणं आमच्याकडं."

माझ्या तर काही ध्यानात आले नाही, पण क्लटरबकच्या ध्यानात आले. घरातल्या गरिबाला जो पोसतो त्याची ती जागा, हे कुठलेही न्यायालय मानते. म्हातारीने तो पाव खाल्ला की घर गेले, आणि घराबरोबर चक्की गेली. त्याने शेजाऱ्याच्या हातातला बिअरचा पेला हिसकावला आणि पलंगाकडे झेप घेतली.

"खबरदार! बाई आमच्या आहेत! त्यांचं लग्न मिल्ड्रेडमध्ये लागलंय!"

"बाप्तिस्मा आमच्याकडं झालाय!"

"नवरा आमच्या मातीत पुरलाय!"

"उशी! उशी बघा! उशी आमच्याकडं आहे, आत्ता तुम्हीच सरकवलीत!" क्लटरबक किंचाळला.

आणि पुन्हा पलंगाची ओढाताण सुरू झाली. पण आता उलटी. जे मघाशी ढकलत होते ते ओढू लागले. माझ्या अंगावर तेच पाय, त्याच दांड्या आपटत होत्या. मी दगड आहे, तरी मला किळस आली.

"थांबा!" केझाया ओरडली. तिच्या एका हातात पाव होता, दुसऱ्या हातात पेला. सकाळपासून तिच्या पोटात काही नव्हते, हे मला माहीत होते. पण तिने दोन्ही हात मांडीवर ठेवले.

"सकाळी मी कुणाचीच नव्हते. आता या वयात दोन दोन नवरदेव दारात आलेत. तर मलाही जरा चौकशी करू द्या. मिस्टर थ्रिप, तुमच्या धर्मघरातली चूल कशी आहे?"

"उत्तम!"

"खोटं. जेन बिडलकोम त्या चुलीपुढं खोकून खोकून मेली. धूर बाहेर जात नाही."

क्लटरबक दात काढू लागला.

"तू नको हसूस, एमॉस. तुझ्याकडं छपरातून बिछान्यावर पाणी गळतं."

"दुरुस्त करू, बाई."

"कधी?"

"उद्या."

"आज."

"आज," क्लटरबक म्हणाला.

"कोळसा?"

"देऊ."

"हिवाळाभर?"

"थोडासा..."

केझायाने थ्रिपचा पाव ओठांपर्यंत नेला.

"हिवाळाभर! हिवाळाभर देऊ!"

"आणि रविवारी चर्चमध्ये मला उभं करून 'ही बघा आपण पोसलेली गरीब बाई' असं म्हणायचं नाही. मी मागच्या बाकावर बसेन आणि गाणं बेसूर गाईन. चालेल?"

"चालेल."

तेव्हा तिने पाव खाली ठेवला आणि पेल्यातली बिअर एका दमात प्यायली.

पुढची मारामारी मी सांगत नाही. छड्या मोडल्या, नाके फुटली. थ्रिप दारातून आधी बाहेर पडायच्या नादात चौकटीत अडकले. पलंग दारातून मावेना, म्हणून खालच्यांनी खिडकी चौकटीसकट उपटली आणि केझायाला पलंगासह बाहेर काढले. जाताना तिने माझ्याकडे पाहिले.

"हा धोंडा मात्र राहू दे इथंच," ती म्हणाली. "जन्मात एवढा एक तरी उपयोग झाला मेल्याचा."

मला आनंद झाला का? दगडाला आनंद होत नाही. पण पलंग गेल्यावर ते स्वयंपाकघर फार मोठे वाटले. केझाया मिल्ड्रेडच्या धर्मघरात बरीच वर्षे जगली. क्लटरबकने छप्पर नीट केले आणि कोळसा दिला. चक्की हातची जाईल या भीतीने तो तिला सर्दीसुद्धा होऊ देत नसे.

नंतरचे माझे आयुष्य म्हणजे उतार. स्वयंपाकघर पाडले आणि मी उघड्या गल्लीत आलो. घराने विटांचा मुखवटा चढवला. गरिबांना पोसायचे काम कायद्याने चर्चकडून काढून घेतले. चक्की बंद पडली. दोन्ही चर्चना मिळून एकच पाद्री उरला आणि भांडायला कारण राहिले नाही. एका वसंतात कुणीच आले नाही. मी दिवसभर छड्यांची वाट पाहिली. पुढच्या वर्षीही कोणी आले नाही.

द्वेष संपला, बरे झाले, असे तुम्ही म्हणाल. मीही म्हटले असते. पण त्या द्वेषापायी का होईना, वर्षातून एकदा सगळे गाव आपली शीव पायांनी चालत होते. लोकांच्या घरात शिरत होते. कुणाची चूल विझली आहे, कुणाची बोटे वाकडी झाली आहेत, हे त्यांना बघायचे नसले तरी बघावे लागत होते. आता दारे बंद असतात आणि कुणाचा कुणावर राग नसतो.

रस्त्यावर खडीचे थर चढत गेले आणि मी खाली खाली गेलो. एका गाडीने माझे मिल्ड्रेडचे अक्षर खरवडून नेले. आता माझ्याशेजारी कचऱ्याचे डबे असतात.

हल्ली लोक येतात ते मिस मरिअल टफनेल यांच्या मागून. त्या मिटलेली छत्री उंच धरून पाहुण्यांना जुने गाव दाखवतात. झुकलेली घरे, मनोऱ्यावरचे एका काट्याचे घड्याळ, बाजारातला क्रॉस, आणि शेवटी धर्मघरे.

"ही बघा आपल्या गावाची माया," त्या म्हणतात. "इथल्या लोकांनी प्रत्येक म्हाताऱ्या माणसाला आपलं मानलं."

माया! मी तिथेच होतो, मित्रांनो. माया नव्हती. हाव होती.

"आणि हा दगड कसला?" परवा एका पाहुण्याने विचारले.

"घोडागाड्या भिंतीला घासू नयेत म्हणून रोवलेला. याला कुरवाळलं की भाग्य उजळतं म्हणे."

मग ते सगळे मला कुरवाळू लागले. एवढा अपमान छडीने कधी झाला नव्हता.

त्या दिवशी विटांच्या घराच्या दारात एक माणूस गोधडी पांघरून पडला होता. रॉली त्याचे नाव. छपरे शाकारायचा, एका छपरावरून पडला आणि पाय गेला. मिस टफनेल अगदी गोड आवाजात म्हणाल्या, "जरा सरकता का? फोटोत येताय तुम्ही."

"मी इथलाच आहे, बाई."

"हो हो, असाल ना! पण जरा पलीकडं."

रॉलीने गोधडी गोळा केली आणि पाय ओढत तो माझ्या पलीकडे जाऊन बसला. ऑस्विनच्या हद्दीतून मिल्ड्रेडच्या हद्दीत गेला. ना कुणी ओरडले, ना कुणी छडी उगारली. तो आमचा नाही म्हणून भांडायलाही कुणी आले नाही. पाहुण्यांनी फोटो काढले आणि सगळे चहा प्यायला गेले.

म्हणून मित्रांनो, मला कुरवाळू नका. माझ्यात भाग्यबिग्य काही नाही. मी तडा गेलेला दगड आहे. तुम्ही जिथे राहता तिथेही एक शीव असेलच. वर्षातून एक दिवस ती पायांनी चाला, वाटेत येईल त्या दारातून आत डोकावा आणि आपल्या हद्दीत कोण कोण आहे ते डोळ्यांनी पाहा. मनात प्रेम नसेल तर रागाने चाला, पण चाला. हातात छडी असेल तर ती माझ्या पाठीवर मोडा, मी तक्रार करणार नाही.

आणि कुणाला "जरा पलीकडं" म्हणून सरकवायला निघालात, तर या गल्लीतून सांभाळून जा. मी अजून जमिनीच्या चार बोटे वर आहे. ठेच लावायला तेवढे पुरते.